गेंदीच्या दुधावर आलेला आळ

साळूबाईने उभ्या जन्मात एकही कुस्ती डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि तरी कुस्तीवर तिच्यासमोर तोंड उघडायची पाली गावात एकाही पुरुषाची छाती नव्हती.

बायकांनी फडावर जायचं नाही, असा त्या काळचा रिवाज. पुरुषमाणसं फेटे बांधून वेल्ह्याला, भोरला, पार सासवडापर्यंत चालत कुस्त्या बघायला जायची आणि बायका राजगडाच्या पायथ्याशी शेणगोठा करत बसायच्या. साळूबाईही शेणगोठाच करायची, पण तिचा जीव फडावर असायचा. नवरा रखमाजी परत आला की त्याने पायताण काढायच्या आत ती विचारायची, "निकाली झाली का सोडवली?"

"रस्सा जरा पातळ व्हता," रखमाजी सांगायचा.

"कुस्तीचं इचारते मी."

"कुस्ती झाली की. पर भाकरी बाकी गरम मिळाली. तांदळाची."

रखमाजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याला पंगत सोडून दुसरं काही आठवतच नसे. कोणत्या सालच्या जत्रेत वांग्यात मीठ जास्त पडलं होतं, हे तो दहा वर्षांनी सांगे. कोण पडलं नि कोण उठलं, ते मात्र गुंजवणी नदी ओलांडायच्या आतच वाहून जायचं.

म्हणून साळूबाईला कुस्ती कळायची ती पेपरातून. 'हिरडस समाचार' नावाचं एक साप्ताहिक तेव्हा निघत असे. दर गुरुवारी टपालवाला त्याचा एक अंक आनंदराव पाटलांच्या नावाने आणून टाकायचा. मुंबईच्या गिरणीतून परत आलेला चिमाजी चष्मा लावून चावडीवर तो मोठ्याने वाचायचा. बाकीच्या बायका हंडा घेऊन चावडीमागून उगाच दोनदा जायच्या-यायच्या. साळूबाई असली नाटकं करत नसे. ती सूप घेऊन सरळ चावडीच्या मागच्या खिडकीखाली बसायची, तांदूळ निवडत ऐकायची आणि मधेच आतल्या माणसांना ऐकू जाईल असं बोलायची.

"हार घालून घेणारे आधी, मातीत लोळणारे मागनं," ती म्हणायची. "अध्यक्ष कोण, आभार कुणी मानले, ह्याला अर्धा कागद. पोरानं डाव कंचा मारला त्याला दीड वळ. चिमाजी, आभार मानणाऱ्यानं लंगोट लावला व्हता का, बग बरं."

चिमाजी हसू दाबत पुढे वाचायचा.

बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा तिला भारी राग. "बरोबरीत सोडवली म्हंजे पाव्हणा दारातनंच माघारी धाडला," असं तिचं मत होतं. नुसती मान धरून तास तास उभ्या राहणाऱ्या पैलवानांना ती 'खांब' म्हणायची. आणि हरलेल्याने उठून जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारली, असं एखाद्या खेपेला छापून आलं, तर ती तांदूळ निवडायची थांबायची आणि म्हणायची, "वाच पुन्यांदा."

वाचून झालेला अंक ती मागून न्यायची. ताकाच्या मडक्यावर झाकायला, असं सांगून. पण कुस्त्यांची बातमी जिथे असेल तिथे चिमाजीकडून आधी कुंकवाचं बोट उठवून घ्यायची. ते कागद ताकाच्या मडक्यावर कधी गेले नाहीत. फडताळात घडी घालून ठेवलेले असत, लुगड्यांखाली.

एवढा तिला कुस्तीचा नाद असण्याला कारण होतं. पालीत पैलवान एकट्या आईबापाचा नसे, गावाचा असे. त्याचा खुराक गाव वाटून घ्यायचं. बदाम पाटलांच्या घरचे, तूप आणखी एका घरचं, आणि दुधाचा मान गेली सहा वर्षं साळूबाईकडे. तिची म्हैस गेंदी आखूड शिंगांची, रागीट, पण दूध असं की वर बोट फिरवलं तर साय बोटाबरोबर उचलून यावी. पहाटे धार काढून गरम दुधाचा तांब्या साळूबाई तालमीच्या दारातल्या दगडावर ठेवायची. बायकांना तालमीत पाऊल टाकायची मनाई, म्हणून ती बाहेरच थांबायची. आतून ज्ञानू यायचा. थोराड अंगाचा, लाजाळू, तिच्या मैत्रिणीचा मुलगा. "मावशी," एवढंच म्हणायचा, तांब्या एका दमात रिकामा करायचा आणि आत जाऊन मांडीवर शड्डू ठोकायचा. त्या शड्डूच्या आवाजावरून साळूबाईला काल म्हशीने काय खाल्लं ते कळे. ज्ञानू जिंकून आला की आधी देवळात नि मग तिच्या गोठ्यात यायचा आणि आपल्या कपाळावरचा गुलाल गेंदीच्या कपाळाला लावायचा. गेंदी त्याला दरवेळी ढुशी द्यायची. सगळं गाव ते बघायला जमायचं.

त्या वर्षी वेल्ह्याच्या जत्रेत ज्ञानूची कुस्ती गुंजवण्याच्या भिमाशी लागली. गुंजवणं म्हणजे शेजारचं गाव. तिथल्या माणसाकडून हरणं म्हणजे सोयऱ्याच्या दारात घसरून पडण्यासारखं. आणि ज्ञानू हरला.

माणसं रात्री खाली माना घालून परत आली. कुणी काही बोलेना. "काय झालं?" म्हटलं की "झालं काहीतरी," एवढंच. रखमाजीने मटण चांगलं होतं असं सांगितलं, पण तेही हळू आवाजात. ज्ञानू चार दिवस दूध प्यायला खाली मान घालून आला आणि शड्डू न ठोकताच आत गेला.

गुरुवारी पेपर आला. चिमाजीने घसा साफ केला आणि वाचलं:

"गुंजवणे येथील मल्ल भिमा व पाली येथील मल्ल ज्ञानू यांची प्रेक्षणीय कुस्ती वीस मिनिटे चालली. उभय मल्लांनी डावपेचांची शिकस्त केली. परंतु अखेरीस ज्ञानू यांचा दम कमी पडल्याने भिमा यांनी त्यांस चीतपट केले."

चावडीवर पाणी शिंपडल्यासारखी जाग आली. चार दिवस मुकी असलेली माणसं एकदम बोलायला लागली. "वीस मिण्टं, म्या सांगत नव्हतो?" "दमातच गेला गडी." "शेवटी शेवटी तर धापा टाकत व्हता, म्या बगितला की." प्रत्येकाला सगळं दिसलेलं होतं, फक्त ते आठवायला गुरुवार उजाडावा लागला होता.

मग कुणीतरी म्हणालं, "दम येतो कशानं?"

"दुधानं," दुसरा म्हणाला.

खिडकीखाली तांदूळ निवडणारा हात थांबला.

संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर गोष्ट गेली. तिथे चंद्राबाई होती. चंद्राबाईच्या दोन म्हशी होत्या आणि सहा वर्षं तिला दुधाचा मान हवा होता. ती वाईट काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आमच्या साळूबाईची म्हस आता म्हातारी झाली. नदी बी जवळच हाय घराला. पाणी काय, कसं बी मिसळतं."

दुसऱ्या दिवशी चिमाजी चष्मा काढून हातात धरून साळूबाईच्या ओट्याशी आला. "वैनी, पाटलांनी निरोप सांगितलाय. येत्या पाडव्यापासनं ज्ञानूचं दूध चंद्राबाईकडनं जाईल."

"का?"

"आता छापूनच आलंय म्हटल्यावर…"

"माझ्या म्हशीचं नाव छापलंय का?"

"नाव न्हाई. पर दम छापलाय."

साळूबाई उठली. गोठ्यात गेली आणि गेंदीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दुधात पाणी घालणारी, असा शिक्का एकदा बसला की तो लेकीसुनांपर्यंत पुसला जात नाही. त्यातून गुंजवण्यात तिची बहीण दिलेली. पाडव्याला अवघे पाच दिवस होते.

त्या दुपारी तिने फडताळातले सगळे कागद काढून अंगणात मांडले. वर खडे ठेवले. वाचता येत नव्हतं, पण शंभर म्हशींच्या कळपातून आपली म्हैस शिंगावरून ओळखणारी ती बाई. तिने या गुरुवारचा कागद घेतला, कुंकवाच्या बोटाशी नजर लावली आणि अक्षरं म्हशींसारखी बघायला लागली. "दम कमी पडल्याने" म्हणताना चिमाजीचं बोट कुठे होतं, ते तिने खिडकीशी उभं राहून, आत डोकावून पाहून ठेवलं होतं. आधी दोन बुटकी अक्षरं, मग एकाच्या डोक्यावर मागे वळलेलं शिंग, मग थोडी मोकळी जागा, आणि शेवटी कान टवकारल्यासारखी एक तिरकी रेघ.

मग तिने गेल्या सालचा भोरचा कागद घेतला. कुंकवाच्या बोटाखाली तेच बुटके दोघे, तेच शिंग, तोच कान. सासवडचा घेतला. तिथेही. तिने एकेक कागद बघून उजव्या हाताला ठेवायला सुरुवात केली. दिवस कलला तेव्हा बारा कागदांपैकी दहा उजवीकडे होते.

"अवो," तिने रखमाजीला हाक मारली, "चिमाजीला बोलवा. चष्मा घेऊन म्हणावं."

चिमाजीने पहिला कागद वाचला. "…यांचा दम कमी पडल्याने…" दुसरा वाचला. तिसऱ्याला त्याने चष्मा पुसला. सातव्यापर्यंत तो ओट्यावर बसला होता. "वैनी," तो म्हणाला, "हे सगळं माझ्याच तोंडून गेलंय की वो. मला कसं समजलं न्हाई?"

"तू वाचत व्हतास, बाबा. ऐकत मी व्हते."

वेल्ह्याचे सावळाराम मास्तर या पेपराला बातम्या धाडायचे. वीस वर्षं झाली, ते शाळा सुटल्यावर फडाच्या कडेला जायचे, लांबच्या गावचा फड असला तर तिथून परतणाऱ्यांना गाठायचे, कोण जिंकलं तेवढं विचारून यायचे आणि बाकी आपल्या जागेवर बसून लिहायचे. गर्दीत त्यांना चक्कर येई. हे चिमाजीला ठाऊक होतं. पण छापून आल्यावर तेही खरंच वाटायचं, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं चावडीवर जमली असताना साळूबाई कागदांचं गाठोडं घेऊन पायरीशी उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. वर चढली नाही, पण आवाज वर पोचेल असा ठेवला.

"पाटील, हे दहा कागद हायेत. दहा गावच्या दहा पैलवानांचा दम कमी पडलाय. ह्यातल्या सासवडच्या गड्याच्या घरी सात म्हशी हायेत. त्या साती म्हशींनी नदीत तोंड बुडवून दूध दिलं काय?"

चिमाजीने एकामागून एक दहाही वाचून दाखवले. चौथ्यापासून माणसं त्याच्याबरोबरच म्हणायला लागली.

आनंदराव पाटील अंगाने भारी आणि स्वभावाने भला माणूस. पण त्यांच्या मागे चावडीच्या भिंतीवर काचेत बसवलेली एक बातमी टांगलेली होती. पंधरा वर्षांपूर्वी ते स्वतः भोरला कुस्ती जिंकले होते, तिची. दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडायची. साळूबाईची नजर तिच्यावर गेली. तिथून पायरीपर्यंत अंतर बरंच होतं, पण मागे वळलेलं ते शिंग तिला ओळखू आलं.

"चिमाजी," ती म्हणाली, "ती काच बी जरा खाली काढ."

चिमाजीचा हात भिंतीकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," पाटील म्हणाले. "ती जुनी हाय. तवा खरं छापायचे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

"आन् छाप्याचं सोड साळूबाई," पाटील घाईने म्हणाले, "आमी काय आंधळे व्हतो व्हय? पाचपन्नास माणूस व्हतं फडावर. डोळ्यांनी बगितलीय कुस्ती."

"कुणी बगितली?"

"समद्यांनी."

"मग सांगा की. पयला डाव कुणी टाकला?"

पाटलांनी शेजाऱ्याकडे बघितलं. शेजाऱ्याने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे. "ते… भिमानंच टाकला असंल," एकजण म्हणाला. "न्हाई, ज्ञानूनं," दुसरा म्हणाला. "गर्दी लई व्हती," तिसरा म्हणाला.

"गर्दी कुठं व्हती?" रखमाजी म्हणाला. इतका वेळ तो कोपऱ्यात तंबाखू मळत बसला होता. "आपुन समदे पंगतीला व्हतो की."

पाटलांनी फेटा सारखा केला.

"पाटलांच्या साडूकडं," रखमाजी तपशिलात शिरला. "कुस्तीला अजून येळ हाय, आदी चार घास खाऊन घ्या, म्हणाले साडू. पाटील आपले पयल्या पाटावर. तवर हिकडं पंचांनी जोड आदीच फडात सोडली."

"म्हंजे एकानंबी बगितली न्हाई," साळूबाई म्हणाली. तिला वाटलं, जिंकली. आता शेवटची गाठ मारायची. "मग वीस मिण्टं कशावरनं? अवो, तुमी सांगा. जोड लागली नि हलगी कडाडली तवा पंगतीत काय वाढत व्हते?"

"मीठ," रखमाजी लगेच म्हणाला. "मीठ वाढत व्हते. माझ्या द्रोणाखाली खडा लावत व्हतो म्या, लवंडत व्हता म्हणून."

"आन् हलगी थांबली, लोकांचा गलका झाला, तवा?"

"तवा…" रखमाजीने डोळे मिटले. पंगत त्याच्यासमोर उभी राहिली. "तवा माझ्या शेजारच्याला मीठ वाढलं. भाकरी अजून यायची व्हती."

साळूबाईने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

एका पानावरून दुसऱ्या पानावर मीठ जायला किती वेळ लागतो, ते तिला माहीत होतं. शंभर पंगती वाढल्या होत्या तिने. तेवढ्या वेळात दम कमी पडत नाही. तेवढ्या वेळात माणूस नुसता वाकतो नि आडवा होतो.

तिने मान वळवली. चावडीच्या खांबाआड ज्ञानू उभा होता. खांब त्याच्या निम्म्या अंगालाही पुरत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते आणि तो तिच्याकडे बघत होता. तिच्या एकदम ध्यानात आलं, की सगळ्या गावात त्या छापील वीस मिनिटांचा आधार कुणाला असेल, तर तो या पोराला. पेपराने त्याला हरवलं होतं, पण झुंजवून हरवलं होतं. खरं सांगितलं तर म्हैस सुटत होती आणि पैलवान बुडत होता.

"भाकरी यायची व्हती म्हंजे—" पाटील कपाळाला आठ्या घालून हिशेब करायला लागले.

"अवो, तुमी गप ऱ्हावा," साळूबाई रखमाजीवर कडाडली. "तुमाला ताटापल्याड काय दिसतंय? यांच्या मिठावर कुणी जायचं न्हाई. परवा म्हणत व्हते, पयली भाकरी वाढली नि मग मीठ."

रखमाजीने असं कधीच म्हटलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात पंगतीच्या बाबतीत त्याच्यावर असा आळ पहिल्यांदाच येत होता. तो काही बोलणार, तेवढ्यात बायकोचे डोळे त्याला दिसले. त्याने तंबाखू तोंडात टाकली.

"मग ज्ञानूलाच इचारू," पाटील म्हणाले. "हाय की समोर."

"त्याला काय इचारता?" साळूबाई म्हणाली. "कुस्ती करणाऱ्याला कुस्ती दिसत असती व्हय? त्याला दिसतं समोरच्याचं नरडं. बाळंतिणीला कुणी इचारतं का, किती वाजले म्हणून?"

हे चावडीला पटलं. दोघा म्हाताऱ्यांनी "खरंय" म्हटलं.

"माझं म्हणणं एवढंच," साळूबाईने गाठोडं बांधलं. "ह्यो मास्तर जो हरंल त्याचा दम काढतो. दहा कागद तुमच्याम्होरं हायेत. अजून पुरावा पायजे आसंल तर ती काच—"

"नको," पाटील म्हणाले. "दूध जसं चाललंय तसं चालू द्या. पाडव्याला काय बदलायचं न्हाई. ऊठ रे चिमाजी, पुढचं वाच. पावसापाण्याचं काय म्हणतात?"

साळूबाई घरी आली. वाटेत रखमाजी तिच्या मागून चार पावलं चालत होता. घर दिसायला लागल्यावर म्हणाला, "मीठच आदी वाढतात."

"म्हाईत हाय."

"मग?"

"आज घावन करते," ती म्हणाली. रखमाजीचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने तांब्या दगडावर ठेवला. ज्ञानू बाहेर आला, पण दूध उचलेना.

"मावशी, ती कुस्ती… वीस मिण्टं…"

"दूध निवतंय."

"हात मिळवला आन् मला आभाळ दिसलं," ज्ञानू खाली बघत म्हणाला. "काय झालं त्ये अजून समजलं न्हाई. दम लागायला बी सवड न्हाई मिळाली. मग छापून आलं, लोक म्हणाले झुंजला. म्या गप बसलो. तुमच्या म्हशीवर आलं तरी गप बसलो."

"मीठ वाढायला येळ लागतो त्याच्या निम्म्या येळात पडलास," साळूबाई म्हणाली. "कालच कळलं मला. आता पी. आन् भिमानं उजवा पाय म्होरं टाकला व्हता का डावा, त्ये आठव. आठवलं की सांग. नुसतं आभाळ बगून यायला मी तुला सहा वर्षं दूध घातलं न्हाई."

ज्ञानूने तांब्या रिकामा केला. आत गेला. बऱ्याच दिवसांनी शड्डू वाजला. साळूबाईने कान दिला आणि ठरवलं, की गेंदीला आज सरकी थोडी वाढवायची.

पुढच्या साली त्याच जत्रेत, त्याच भिमाशी कुस्ती लागली. या खेपेला पाली गाव सगळंच्या सगळं उपाशीपोटी फडाच्या पहिल्या रांगेत बसलं होतं. रखमाजीसुद्धा. ज्ञानूने भिमाचा पुढे आलेला डावा पाय उचलला आणि घटकाभराच्या झुंजीनंतर त्याला पाठीवर पाडलं. उठल्यावर भिमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. रखमाजीने घरी येऊन हे सगळं नीट सांगितलं आणि जेवायला उशीर झाल्याची तक्रार केली. गेंदीच्या कपाळाला गुलाल लागला. तिने ढुशी दिली. चंद्राबाईसुद्धा बघायला आली होती.

गुरुवारी चिमाजीने चष्मा लावला. खिडकीखाली सूप थांबलं.

"…कुस्ती वीस मिनिटे चालली. उभय मल्लांनी डावपेचांची शिकस्त केली, परंतु अखेरीस भिमा यांचा…"

"दम कमी पडल्याने," सगळी चावडी एका सुरात म्हणाली आणि हसली. काचेतल्या बातमीखाली बसलेले पाटील तेवढे हसले नाहीत.

साळूबाईही हसली नाही. ती सूप घेऊन उठली आणि घरी गेली. सकाळच्या विरजणाचं मडकं तिने फडक्याने बांधलं आणि रखमाजीच्या हातात दिलं.

"गुंजवण्याला जायाचं. माझ्या भनीला इचारा, भिमाला दूध कुणाच्या घरचं जातं. त्या बाईला हे द्यायचं."

"आन् सांगू काय?"

"म्हणावं, पालीच्या साळूबाईनं सांगितलंय, तुमच्या म्हशीत काय खोट न्हाई. गावानं कितीबी सांगू दे. आन् तुमच्यात पेपर येत आसंल, तर जुने कागद फेकू नका म्हणावं."

रखमाजीने मडक्याचा वास घेतला.

"तुमी वाटंत खाऊ नका," साळूबाई म्हणाली.